भोक, स्क्रू आणि गुरू: सहा इंची दुर्बिणीच्या फोकसरच्या नोंदी

शनिवार, २९ नोव्हेंबर २०२५. नौपाडा, आमची गच्ची

नवा ६ मिमीचा आयपीस (डोळ्याजवळचं भिंग) आज पहिल्यांदा लावला. दुर्बीण तीच, सहा इंची न्यूटोनियन (बुडाशी मुख्य आरसा, तोंडाशी छोटा तिरका आरसा), एफ/८, म्हणजे नाभीय अंतर आरशाच्या व्यासाच्या आठपट, १२०० मिमी. म्हणजे २०० पट. इतकी वर्षं १० मिमीवर, १२० पटीवर समाधान मानत होते. दिवाळीचे पैसे साड्यांत न घालवता भिंगात घातले.

चंद्र आणि शनी शेजारी शेजारी. शनीची कडी या महिन्यात इतकी आडवी झाली आहेत की लिंबात सुई आरपार खुपसल्यासारखी नुसती रेघ दिसते. १० मिमीतून रेघ बरी होती. ६ मिमीतून ती एका अंगाने बोट फिरवून पुसल्यासारखी. चंद्राच्या विवरांनाही तशीच एका बाजूला साय धरलेली. फोकस पुढे-मागे करून हात दुखला.

स्लॅब दिवसभर उन्हात तापलेला, खालच्या मजल्यावरच्या एसीची गरम हवा कठड्यावरून वर येते. हवेला दोष देऊन खाली आले.

रविवार, ३० नोव्हेंबर. रात्री ११.४५

आज मुद्दाम उशिरा चढले. स्लॅब हाताला गार. गुरू चांगला वर आलेला, त्याच्याजवळ पुनर्वसूचे दोन तारे. हवा कालपेक्षा शांत, तरीही चित्र तेच, म्हणजे कालचा आरोप खोटा.

मग एका ताऱ्यावर थांबून नीट पाहिलं. ठिपक्याला शेपटी आहे, धूमकेतूसारखी, एकाच दिशेला. तीन गोष्टी करून पाहिल्या:

आयपीस जागच्या जागी फिरवला. शेपटी फिरली नाही. म्हणजे दोष आयपीसच्या काचेत नाही. (दुकानदाराला लिहिलेली लांबलचक तक्रार पाठवली नव्हती, बरं झालं.)

मान वाकडी करून पाहिलं. शेपटी फिरली नाही. म्हणजे माझा डोळाही सुटला.

१० मिमी लावून तारा दृश्यक्षेत्राच्या एका कडेला नेला. शेपटी आखडली! दुसऱ्या कडेला नेला, लांबली. हे खरं तर मध्यभागी तारा नीटस आणि कडांना दोन्हीकडे सारखा बिघडलेला, असं हवं. आमच्या आरशाची ‘मधली जागा’ मध्ये नाही, कुठेतरी बाजूला जाऊन बसली आहे. कोमा आहे हा (ताऱ्याला एकाच बाजूला शेपटी फुटण्याचा दोष), आणि कोमा म्हणजे कोलिमेशन, आरसे एका रेषेत लावणं, चुकलेलं.

पण कोलिमेशन मी दर वेळी करते. लेझर लावून, प्रामाणिकपणे.

आणखी एक गोष्ट आता खटकली, इतके दिवस डोळ्याआड होती. आयपीसचा स्क्रू सैल करून परत आवळला की तारा उडी मारतो, ६ मिमीच्या दृश्यक्षेत्राच्या जवळजवळ दहाव्या भागाइतकी. दुर्बिणीला हात न लावता!

शनिवार, ६ डिसेंबर

चंद्र फार मोठा, आकाश दुधाळ. आज मोजमाप.

आबांचा जुना व्हर्नियर काढला. आबा ड्राफ्ट्समन होते. त्यांच्या हाताखाली मी पेन्सिलीला टोक करायला शिकले, व्हर्नियर वाचायलाही तिथेच. सव्वा इंची बॅरल (आयपीसची आत जाणारी नळी) म्हणजे कागदावर ३१.७५ मिमी. प्रत्यक्षात २५ मिमीचा आयपीस ३१.७१, नवा ६ मिमी ३१.६६, लेझर ३१.६२. सगळे थोडे बारीकच असतात, अडकू नयेत म्हणून. त्यात काही वावगं नाही.

फोकसरच्या (आयपीस धरून पुढे-मागे सरकवणाऱ्या भागाच्या) तोंडाचं भोक: ३२.१०. तीनदा मोजलं, आडवं, उभं, तिरकं.

म्हणजे लेझरभोवती एकूण ०.४८ मिमी मोकळीक. वर एकच प्लॅस्टिकचा स्क्रू, तोही तोंडाच्या अगदी काठाशी. हा फोकसर ऑनलाइन मागवलेला, चकचकीत काळा. त्या वेळी फक्त चकाकी पाहिली होती.

रविवार, ७ डिसेंबर

आधी लेझरवरच संशय घेतला. लाकडी पट्टीवर चार खिळे ठोकून त्यात लेझर झोपवला आणि गोल फिरवला. समोर पाच मीटरवर भिंतीवरचा ठिपका जागचा हलत नसेल तर लेझर सरळ. ठिपका जेमतेम चण्याएवढ्या वर्तुळात फिरला. चालेल.

आता लेझर फोकसरमध्ये. मुख्य आरशाच्या मधोमध कागदाची छोटी रिंग चिकटवलेली आहे, फायलीतल्या पंचच्या भोकांना लावतात ती. तिरका आरसा हलवून ठिपका रिंगमध्ये आणला. मग नुसता स्क्रू सैल केला, लेझर अर्धा फिरवला, आवळला. लेक नळीच्या तोंडाशी डोकावून उभी होती, हातात पट्टी.

‘‘आई, पळाला.’’

‘‘किती?’’

‘‘तेरा. नाही... तेराच.’’

पुन्हा केलं: ११. पुन्हा: १३. एकदा ४ आला तेव्हा मी उगाच खूश झाले.

हिशेब बरोबर बसतो. २५ मिमी लांबीच्या पकडीत ०.४८ मिमी मोकळीक, आणि तिथून मुख्य आरशापर्यंतची वाट साधारण ११५० मिमी: ठिपका २२ मिमीपर्यंत भटकू शकतो. तेरा म्हणजे त्यातल्या त्यात सभ्यपणा.

पण तेवढ्याने कोमा का यावा, हे कळायला संध्याकाळ गेली. माझी पद्धत अशी: पहिल्या पायरीत ठिपका रिंगमध्ये. दुसऱ्या पायरीत दुर्बिणीच्या बुडाशी जाऊन मुख्य आरशाचे स्क्रू फिरवायचे आणि परतलेला ठिपका लेझरच्या खिडकीत मधोमध आणायचा. ती तिरकी खिडकी बुडाच्या दिशेला हवी, नाहीतर मागून दिसत नाही. म्हणून दोन पायऱ्यांच्या मध्ये मी दर वेळी स्क्रू सैल करून लेझर फिरवते आणि परत आवळते. त्याच क्षणी ठिपका रिंग सोडून तेरा मिमी दूर जातो, आणि मी बुडाशी असल्यामुळे मला ते दिसत नाही. मी निष्ठेने आरसा चुकीच्या जागेवरून नीट करत होते!

लेकीला हे वहीत काढून दाखवलं. किरण आरशावर पडून आल्या वाटेने परत गेला, तर तो आरशाच्या वक्रतेच्या केंद्रातून जातोच. ते केंद्र २४०० मिमीवर, फोकस त्याच्या निम्म्यावर, १२०० ला. किरण आरशावर १३ मिमी बाजूला पडतो, फोकसशी मध्यातून जातो, म्हणजे केंद्राशी तो दुसऱ्या बाजूला १३ मिमी. आरशाचा अक्ष मात्र आरशाच्या मध्यातून त्या केंद्राकडे. मग फोकसशी तो किती बाजूला? निम्मा, साडेसहा. तिने माझ्या आधी उत्तर दिलं. दहावीचं वर्ष आहे, समरूप त्रिकोण ताजे आहेत.

आता साडेसहा मिमी म्हणजे फार की थोडं? एफ/८ च्या परवलयी आरशाला कोमा न जाणवणारं मधलं वर्तुळ साधारण ११ मिमी व्यासाचं. म्हणजे मध्यापासून साडेपाच. आम्ही त्याच्या बाहेर बसून मध्यभागी बसल्याचं समजत होतो. तिथे कोमाची शेपटी साधारण सव्वातीन विकला येते (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). सहा इंची आरशातून ताऱ्याची मुळातली तबकडीच १.८५ विकला असते. शेपटी माणसापेक्षा मोठी.

एफ/५ ची दुर्बीण असती तर हे वर्तुळ तीन मिमीसुद्धा भरत नाही. एफ/८ आहे म्हणून इतकी वर्षं निभावलं.

शनिवार, १३ डिसेंबर. मिथुन उल्कांची रात्र

कायमचा इलाज लेथवर होईल. तोवर जुगाड. आबांच्या फायलीत छातीचा जुना एक्स-रे होता. फिल्म व्हर्नियरवर ०.१८. बॅरलभोवती एक वेढा म्हणजे व्यासात ०.३६ ची भर, उरली मोकळीक ०.१२. पट्टी कापून फोकसरच्या भोकात आतून बसवली. ठिपक्याची पळापळ १३ वरून ३ वर आली. (एक्स-रे फिल्म दुर्बिणीत दिसली म्हणून कुणी तिच्यातून सूर्य पाहायला जाऊ नका. डोळा जातो.)

आणि पद्धत बदलली: लेझर आधीच खिडकी मागे करून लावायचा आणि शेवटपर्यंत त्याला हात लावायचा नाही. पहिल्या पायरीसाठी मी वाकेन, लेझर फिरणार नाही. शेवटी फोटोस्टुडिओवाल्याकडून मिळालेली जुन्या रोलची डबी, बुडाला बारीक भोक पाडून, फोकसरमध्ये घालून एकदा नुसत्या डोळ्याने खात्री.

रात्री साडेअकरा. लेक गादी टाकून उल्का मोजत पडलेली, मी तिच्या बाजूला कॅस्टर लावून. कॅस्टर म्हणजे पुनर्वसूतला उत्तरेकडचा तारा. दुर्बिणीतून दोन होतात, एक थोडा मंद, मध्ये पाच-सहा विकलांची फट. २०० पटीला दोन स्वच्छ ठिपके, भोवती एकेक बारीक कडं, मध्ये काळी जागा. मागच्या आठवड्यात हाच तारा लांबट रताळ्यासारखा दिसला होता.

तोच आयपीस. तीच हवा.

उल्का: तिच्या वहीप्रमाणे ३१, तीन वादग्रस्त.

शनिवार, २० डिसेंबर. वागळे इस्टेट

रोड नंबर १६ च्या आतल्या गल्लीत मामांचं लेथचं दुकान आहे. आबा इथूनच बुशिंग करून घ्यायचे. मामांनी फोकसर हातात घेतला, आयपीस घातला, हलवला, कानाशी नेऊन परत हलवला.

‘‘ताई, बसतंय, पण धरत नाहीये.’’

ड्रॉइंग नेलं होतं. भोक ३१.८०, मला त्याहून घट्ट हवं होतं. मामा म्हणाले, उन्हाळ्यात अॅल्युमिनियम आणि हिवाळ्यात तुमचे बोटं, दोन्हींचा विचार करा. काळा रंगही आत जागा खातो. ३१.८० च राहू दे. आत खाचा मारून त्यात फाकलेली पितळी रिंग, बाहेरून स्क्रू. स्क्रू रिंगेला दाबतो, रिंग बॅरलला वेढून दाबते. नुसत्या स्क्रूसारखा एका टोकावर जोर येत नाही, बॅरलला ओरखडेही नाहीत. स्क्रू एक नाही, दोन, एकमेकांशी काटकोनात, म्हणजे बॅरल दर वेळी समोरच्या त्याच भिंतीला जाऊन टेकेल. आटे पाडायला एम४ चा टॅप, आधी ३.३ चं ड्रिल.

दुसरं काम आबांच्या आयपीसचं. आबांनी १९८६ मध्ये, हॅलेच्या धूमकेतूच्या वेळी, एक ६० मिमीची जपानी दुर्बीण घेतली होती. तिचे आयपीस जुन्या जपानी मापाचे, ०.९६५ इंच, म्हणजे २४.५ मिमी. त्यातला १२.५ मिमीचा ऑर्थोस्कोपिक मला सहा इंचीला लावून बघायचा आहे. त्यासाठी बाहेरून ३१.७०, आतून २४.५५ चा अॅडॅप्टर.

चहा येईपर्यंत मामा फोकसरचे दात बघत होते. मी म्हटलं, दात नसलेलाही फोकसर असतो, नुसत्या रोलरवर चालतो, इंग्लंडात क्रेफर्डच्या हौशी मंडळींतल्या जॉन वॉल यांनी काढला आणि पेटंट न घेता सगळ्यांना देऊन टाकला.

‘‘मग धंदा काय केला त्यांनी?’’

सांगता आलं नाही.

शनिवार, २७ डिसेंबर

टोपी (फोकसरचं नवं तोंड, पितळी रिंगेसकट) आणि अॅडॅप्टर मिळाले. मजुरी साडेसातशे, अॅल्युमिनियमचा तुकडा मामांच्याच भंगारातला. आतून फळ्याला लावायचा काळा रंग मारला. चकाकतं अॅल्युमिनियम आत राहिलं तर चंद्राचा उजेड भिंतीवर आपटून चित्रात धुकं होतं.

२५ मिमी आयपीस: दाराची कडी बसावी तसा आवाज. स्क्रू सोडा, आवळा, गच्चीवरून दिसणाऱ्या टॉवरचा दिवा हलतही नाही.

६ मिमी: वाकडा बसला! उघड्या डोळ्याला दिसतंय, खांदा एका बाजूला टेकलाय, दुसऱ्या बाजूला कागद सरकेल एवढी फट. लेझरचंही तेच, ठिपका ९ मिमी.

साडेसातशे रुपये आणि एक महिना. जेवताना कुणाशी बोलले नाही.

रविवार, २८ डिसेंबर

सकाळी शांत डोक्याने पाहिलं. २५ मिमीचं बॅरल वरपासून खालपर्यंत गुळगुळीत. ६ मिमीच्या आणि लेझरच्या बॅरलला मधोमध रुंद खाच कोरलेली आहे. आयपीस चुकून सैल राहिला तरी स्क्रूत अडकून खाली पडू नये, म्हणून ती असते. खाच खांद्यापासून साडेसात मिमीवर सुरू होते. आपली पितळी रिंग टोपीच्या तोंडापासून ७ ते ११ मिमीवर. म्हणजे रिंगेची वरची कड गुळगुळीत भागावर, बाकीची खाचेच्या उतारावर. आवळलं की उतार रिंगेवर चढतो आणि आयपीस एका बाजूने वर उचलला जातो. जितकं जास्त आवळावं तितकं जास्त वाकडं.

पडू नये म्हणून केलेली खाच, नीट बसू देत नाही. ड्रॉइंग माझं, चूक माझी. मी फक्त व्यास मोजले होते.

तात्पुरतं खाचेत इन्सुलेशन टेपचे वेढे भरून ती बॅरलच्या बरोबरीला आणली. ठिपका २ मिमी. निदान पक्कं.

शनिवार, ३ जानेवारी २०२६

मामांनी पाच मिनिटांत सोडवलं. टोपी लेथच्या चकमध्ये धरली आणि तोंडावरून ४ मिमीचा फेस मारला, म्हणजे तेवढी सोलून काढली. तोंड खाली आलं, रिंग आपोआप तोंडापासून ३ ते ७ मिमीवर. आता ती खाचेच्या वरच्या गुळगुळीत पट्ट्यावरच दाबते, तिन्ही बॅरलवर. पकड थोडी तोकडी झाली, पण खांदा सगळीकडून टेकतो, आणि सरळपणा खांद्यावर ठरतो. पैसे घेतले नाहीत.

घरी लेझर: सोडा, फिरवा, आवळा, दहा वेळा. सगळ्यात जास्त १ मिमी. लेकीने पट्टी बाजूला ठेवली आणि दहाव्याला न मोजताच ‘‘एक’’ म्हणाली.

शनिवार, १० जानेवारी. गुरूची प्रतियुती

आज गुरू सूर्याच्या बरोबर समोर. गुरूचं बिंब जवळपास ४७ विकला. पावणेएकच्या सुमारास तो आमच्या डोक्यावर येतो; ठाण्याचा अक्षांश १९ च्या थोडा पुढे, गुरूची क्रांती (आकाशातल्या विषुववृत्तापासूनचं अंतर) सध्या २२ च्या आसपास, म्हणजे खस्वस्तिकापासून, अगदी डोक्यावरच्या बिंदूपासून, तीनच अंश. हवेचा सगळ्यात पातळ थर हा फायदा. तोटा असा की आमची डॉब्सोनियन (साध्या फिरत्या बैठकीवरची दुर्बीण) सरळ उभी राहते, आडवी फिरवायला धजत नाही, गुरू निसटला की गाढवासारखी ढकलावी लागते.

आणि नळी उभी म्हणजे फोकसर आडवा, आयपीस भिंतीवरच्या खुंटीसारखा बाहेर लोंबतो. जुन्या फोकसरची खरी लबाडी इथे चालायची: वजनाने आयपीस खाली झुकायचा, आणि ढकलताना हात लागला की आणखी. आज हात लागला. गुरू हलला आणि परत जागेवर आला.

दोन मुख्य पट्टे १२० पटीलाही दिसतात, त्यात नवल नाही. २०० ला आज उत्तरेकडच्या पट्ट्याची कड फाटलेल्या कापडासारखी दिसली, तिच्यातून निळसर धागे विषुववृत्ताकडे लोंबलेले. एक धागा मधून तुटलेला. हवा लाटा मारायची, सगळं पुसायची, मग दोन सेकंद थांबायची आणि धागा परत तिथेच. त्या दोन-दोन सेकंदांसाठी दीड वाजेपर्यंत मान मोडली. चंद्र (आपला नव्हे, गुरूचे) ठिपके नाहीत, बारीक तबकड्या होत्या.

शनिवार, १७ जानेवारी. वांगणी

उद्या अमावस्या. कर्जत लोकलच्या मालडब्यातून सव्वा मीटरची नळी, शेजारी दुधाचे रिकामे कॅन. खगोल मंडळाच्या रात्रींमुळे वांगणी ठाण्या-मुंबईच्या लोकांना माहीत आहे; आता तिथेही बदलापूरच्या बाजूचं आकाश पिवळं आहे.

२५ मिमीतून मृगाचा तेजोमेघ, ४८ पट. लोकलच्या हिसक्यांनी कोलिमेशन हललं असेल म्हणून लेझर लावला: ठिपका रिंगेच्या बाहेर, पण फिरवला तरी त्याच जागी. चुकलेलं माप दर वेळी तेवढंच चुकतं, म्हणून पाच मिनिटांत नीट झालं. तेजोमेघाच्या मधल्या ट्रॅपेझियमचे चार तारे टाचणीसारखे.

पहाटे थंडी. थर्मास विसरले होते.

शनिवार, २४ जानेवारी

आबांच्या ऑर्थोस्कोपिकची पाळी, अॅडॅप्टरसकट. ऑर्थोस्कोपिक ही रचना एर्न्स्ट आबे यांची, १८८० ची: तीन भिंगं चिकटवून एक, वर एक सुटं. घरात नाव ऐकून सगळे हसतात. डोळा भिंगाला जवळजवळ टेकवावा लागतो, चष्मा काढूनच. दृश्यक्षेत्र अरुंद, नळीतून बघितल्यासारखं.

चंद्र पावणेसहा दिवसांचा. सूर्य थिओफिलस विवरावर नुकताच उगवलेला, तळात सावली शाईसारखी, मधली शिखरं पेटलेली. ९६ पट. इतकी काळी सावली मी माझ्या कुठल्याच आयपीसमधून पाहिलेली नाही. कमी काच, कमी पृष्ठभाग, कमी भुरकेपणा.

पण उजेडातल्या भागावर एक फिकट जाळं होतं, आयपीस फिरवला की त्याच्याबरोबर फिरणारं. या वेळी चाचणी उलटी लागली. खाली येऊन टॉर्चसमोर धरला: चिकटवलेल्या भिंगांच्या काठाशी बुरशी, जिऱ्याच्या दाण्याएवढे दोन ठिपके आणि त्यांचे धागे. चाळीस वर्षं, ठाण्याचे चाळीस पावसाळे, लोखंडी कपाट. आबांनी डबीत सिलिका जेलची पुडी ठेवलेली होती, ती कधीच मेलेली.

बुरशी वरच्या पृष्ठभागावर असेल तर पुसता येईल. आत जोडात असेल तर भिंगं सुटी करावी लागतील, ते मी करणार नाही.

शनिवार, ७ फेब्रुवारी

वरचं सुटं भिंग काढून ब्लोअर, मग आयसोप्रोपिल, कापूस एकदाच एका दिशेने. एक ठिपका गेला. दुसरा जोडातला, राहिला. मध्यापासून लांब आहे, ग्रहांना आड येणार नाही. तीनही आयपीस, लेझर आणि हा, नवी सिलिका जेल घालून जेवणाच्या हवाबंद डब्यात. डब्यावर ‘खाऊ नाही’ असं लेकीने लिहिलंय.

टोपीचा दुसरा स्क्रू वांगणीला गवतात पडला, सध्या एकावरच चालू आहे. ठिपका २ मिमी. एम४, ८ मिमी लांब, डोकं बोटांनी फिरवता येईल असं. गोखले रोडवर मिळाला नाही. सोमवारी ऑफिसातून येताना मामांकडे.